‘होर्तुस मलाबारिकुस’मधील शके १५९७ चीं प्रमाणपत्रें

‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारचें उद्यान’, हा लॅटिन ग्रंथ आम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा भागांत छापला गेला. मलबारांतील सुमारें ७४० वनस्पतींचीं वर्णनें व ताम्रपटांवरून उठविलेलीं त्यांचीं चित्रें त्यांत आहेत. कर्ता म्हणून हेंड्रिक आड्रियान व्हान ऱ्हीड या कोची येथील डच अधिकाऱ्याचें नांव आहे, आणि शास्त्राच्या इतिहासांत ग्रंथ त्याच्याच नांवानें ओळखला जातो. परंतु पहिल्या भागाच्या आरंभीं जोडलेलीं प्रमाणपत्रें वाचलीं म्हणजे ‘हें ज्ञान कोणाचें?’ या प्रश्नाचें उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. देशी वनस्पतिज्ञान शाळेंतील विज्ञानांत कोणत्या रीतीनें शिकवावें, असा जो वाद आज चालू आहे, त्यास या जुन्या साधनांतून कांहीं प्रकाश मिळतो काय, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रमाणपत्रें एप्रिल १६७५ मधलीं, म्हणजे शके १५९७ च्या आरंभींचीं आहेत. रायगडावरील राज्याभिषेकास तेव्हां अद्याप वर्ष पुरें झालें नव्हतें. पहिलें इमान्युएल कार्नेरो या दुभाष्याचें. तें आर्यएळुत्तु या मलयाळी लिपींत आहे. दुसरें इट्टी अच्युतन् नांवाच्या ईळव जातीच्या वैद्याचें. तें कोलेळुत्तु लिपींत आहे. आपल्या मोडीप्रमाणेंच ही लिपी आतां व्यवहारांतून गेली असून जाणकारावांचून वाचतां येत नाहीं. तिसरें रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांचें. भाषा कोंकणी, लिपी नागरी. लॅटिन पाठांत ‘भट’चें ‘बोत्तो’ झालें आहे, तेव्हां केवळ लॅटिनावर विसंबणाऱ्यास हे गृहस्थ कोण हें सहसा उमगावयाचें नाहीं. युरोपांत छापलेल्या नागरी अक्षरांचीं जीं अगदीं आरंभींचीं उदाहरणें आहेत त्यांत या लेखाची गणना करावी लागते. याच्या आधीं इ. स. १६६७ मध्यें किर्खेरच्या ‘चायना इल्लुस्त्राता’ या ग्रंथांत नागरी वर्णांचे तक्ते आले होते.

इट्टी अच्युतन् हा करप्पुरम् भागांतील, म्हणजे हल्लींच्या आलप्पुळा जिल्ह्यांतील, कोल्लाट्ट घराण्याचा परंपरागत वैद्य. वनस्पतींचीं नांवें व गुणधर्म आपण सांगितले व ते दुभाष्याकडून उतरवून घेतले गेले, असें त्याचें प्रमाण आहे. आपल्या घराण्याच्या पोथीचाही त्यानें आधार दिला आहे. त्याचें मलयाळी कथन कार्नेरोनें पोर्तुगीजमध्यें आणलें. पोर्तुगीजवरून डच झालें. आणि डचवरून योहान्नेस कासेआरिउस या पाद्र्यानें आरंभींच्या भागांचें लॅटिन केलें. एका वैद्याच्या मुखांतून निघालेला शब्द छापखान्यांत पोहोंचेपर्यंत तीन भाषांतरांतून गेला. पोथ्यांच्या नकलांवर नकला होतांना पाठ कसा बदलतो याचा अनुभव असलेल्या वाचकांस यांतील धोका सांगावयास नको.

कोंकणी ब्राह्मणांचें घराणें मूळ गोमंतकांतलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या धर्मजाचास कंटाळून अनेक कुटुंबें दक्षिणेस उतरून कोचीस स्थायिक झालीं, त्यांपैकींच ही मंडळी. वैद्यकाचे संस्कृत निघंटु त्यांच्या अभ्यासांत होते. ग्रंथांत अशा रीतीनें ज्ञानाचे दोन प्रवाह एकत्र आले : एक ग्रंथपाठाचा, दुसरा प्रत्यक्ष रान, शेत व रोगी यांच्या परिचयाचा. यांपैकीं मुख्य कोणता, याविषयीं मतभेद आहे. रिचर्ड ग्रोव्ह यांनीं ‘ग्रीन इंपीरियलिझम’ (१९९५) या ग्रंथांत ईळव वैद्यांच्या ज्ञानास प्राधान्य दिलें आहे. आमच्या मतें, प्रमाणपत्रें शेजारीं शेजारीं छापलेलीं असतां एकानें दुसऱ्यास खोडून काढण्याचें कारण नाहीं. मात्र अच्युतन् वैद्याचा वांटा केवळ मदतनिसाचा नव्हता, हें त्याच्याच लेखावरून सिद्ध आहे.

पुढें लिनेयस यानें १७५३ च्या आपल्या ‘स्पेसीएस प्लांटारुम’ ग्रंथांत या चित्रांचा व वर्णनांचा पुष्कळ उपयोग केला. वेलचीच्या ‘एलेट्टारिया’ या शास्त्रीय नांवांत मलयाळी ‘एलत्तरी’ अजून ऐकूं येतें, आणि चांफ्याच्या नांवांत ‘चंपक’ टिकून आहे. शब्द टिकले, सांगणारांचीं नांवें मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोंचलीं नाहींत.

येथें आनुवंशशास्त्राचा एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वेलचीच्या रोपास आपले गुण बीजांतून मिळतात. मेंडेलनें १८६६ मध्यें वाटाण्यावरील प्रयोगांनीं या संक्रमणाचे नियम दाखविले, आणि आज आपण हा वारसा पेशींतील डीएनएच्या रूपानें वाचूं शकतों. अच्युतन् वैद्याची विद्या मात्र ‘वंशपरंपरागत’ असली तरी बीजांतून आलेली नव्हती; ती बापानें मुलास, गुरूनें शिष्यास शिकविलेली होती. वेलचीचें बीं एखाद्या वर्षीं कोणीं हाताळलें नाहीं तरी रान तें सांभाळतें. विद्या एका पिढीनें शिकविली नाहीं कीं संपली. या दोन वारशांची गल्लत झाली म्हणजे विद्या अमक्या जातीच्या रक्तांतच असते, असा भ्रम उत्पन्न होतो.

मानवाच्या उत्क्रांतीचा इतिहास या भ्रमास थारा देत नाहीं. लिनेयसनें १७३५ मध्येंच मनुष्यास वानरांच्या वर्गांत बसविलें होतें. डार्विननें १८७१ मध्यें मानवी वंशाच्या उगमाचा विचार मांडला. आफ्रिकेबाहेरील सर्व मानवसमाजांचे पूर्वज मुख्यत्वेंकरून सुमारें ५०,००० ते ७०,००० वर्षांपूर्वीं आफ्रिकेंतून बाहेर पडलेल्या लोकांत होते, असें आनुवंशिक पुराव्यावरून ठरलें आहे. अच्युतन्, रंगभट व व्हान ऱ्हीड या तिघांचाही वारसा त्या एकाच मूळ वंशाचा. दुसऱ्यापासून शिकण्याची शक्ति सर्वांस सारखी लाभली. काय शिकलें, हें ज्यानें त्यानें आपल्या भूमींत व परंपरेंत मिळविलें.

आतां शाळेचा प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्यें आदिवासी व पारंपरिक ज्ञान अभ्यासक्रमांत आणण्याचें सांगितलें आहे. इकडे २०२३ मध्यें राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि ‘आनुवंशिकता व उत्क्रांति’ या प्रकरणाचें नांव केवळ ‘आनुवंशिकता’ राहिलें. या दोन घटना परस्परांच्या जोडीला ठेवल्या तर एक चुकीचा समज पसरण्याची भीति आहे : परकीय शास्त्राच्या जागीं स्वकीय ज्ञान बसवावयाचें आहे, असा. ज्यास पुरावा विचारतां येत नाहीं तें ज्ञान, स्वकीय असो वा परकीय, शाळेंत शिकविण्यास योग्य नाहीं. आणि ज्यास पुरावा आहे तें, वैद्याच्या झोपडींतून आलें म्हणून, दुय्यम ठरत नाहीं.

या पुराव्याचें मोल केवळ विद्वत्तेचें नव्हे. हळदीनें जखम भरते या उपयोगावर मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंत एकस्व दिलें गेलें होतें. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांसह ३२ लिखित उल्लेख पुढें मांडले आणि ऑगस्ट १९९७ मध्यें तें एकस्व रद्द करविलें. ज्या घरांत अशा गोष्टी केवळ तोंडानें चालत आल्या, त्या घरांस असा लढा देतांना हातीं कागद नसतो, हेंही त्यावरून दिसतें.

म्हणून शाळेंतील धडा असा असावा कीं, विद्यार्थ्यानें गांवांतील एखादी वनस्पति प्रत्यक्ष पाहावी. तिचें स्थानिक नांव, तिचा उपयोग, आणि तो सांगणाऱ्याचें नांव, गांव व तिथि, त्याची संमति घेऊन, लिहून ठेवावी. आणि मग तो उपयोग कसा तपासतां येईल, हा प्रश्न शास्त्राच्या रीतीनें विचारावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवोगांवीं लोकजैवविविधता नोंदवह्या करण्याची सोय आहे. तिच्याशीं हा अभ्यास जोडतां येईल.

जुन्या वैद्यकी बाडांचा संग्रह करणाऱ्या मंडळींसही यांत काम आहे. दप्तरांतील औषधांच्या याद्या, कल्पांचीं पानें व मात्रांचे उतारे बहुधा ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकले जातात. त्यांतील वनस्पतींचीं स्थानिक नांवें, लिहिणाऱ्याचें नांव व कागदाचें ठिकाण यांची नोंद सूचींत अवश्य करावी. शके १५९७ मध्यें कोचीस चार देशी गृहस्थांनीं आपलीं प्रमाणपत्रें तिथिवार लिहून दिलीं, आणि तीं छापलीं गेलीं, म्हणूनच आज त्यांचा हक्क कोणास नाकारतां येत नाहीं.