गडचिरोलीची मोजदाद

सार्वजनिक संस्थेचा वार्षिक अहवाल हाती घेतला की त्यात काय असावयाचे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. शिबिरे किती भरली, औषध किती रोग्यांस दिले, वह्या किती वाटल्या, मग देणगीदारांचे आभार आणि शेवटी जमाखर्च. हा केलेल्या श्रमांचा हिशेब झाला. त्या श्रमांनी कोणाचे काय भले झाले, हा प्रश्न अहवालात बहुधा नसतो. आणि कोणी तो विचारलाच, तर कार्यकर्त्यांच्या तळमळीवर संशय घेतल्यासारखे होते. हा संकोच आम्हांस समजतो, पण मान्य नाही. तो बाजूस सारून ज्यांनी आपल्याच कामाला माप लावले, अशा एका संस्थेचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जंगलाचा, आदिवासींचा, आणि पावसाळ्यात वाटा तुटणारा हा मुलूख. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे गेले व त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या रोगाची पाहणी केली. रोग आढळला खरा. पण गावकऱ्यांच्या मनातली चिंता ती नव्हती. लोकांचे दुखणे वेगळे होते. त्यांची मुले मरत होती.

किती मरत होती? सरकारी दप्तरावर विसंबून याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. जे मूल घरीच जन्मले आणि चार दिवसांत घरीच गेले, त्याच्या जन्माचीही नोंद व्हावयाची नाही आणि मृत्यूचीही नाही. म्हणून संस्थेने शंभरांवर गावांत जन्ममृत्यूंची स्वतःची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. प्रत्येक बालमृत्यूनंतर घरच्या माणसांस विचारून कारणाचा शोध घेतला जाई. न्यूमोनिया हे त्यांत एक मोठे कारण निघाले.

न्यूमोनिया ओळखण्याची खूण सोपी आहे. मूल मिनिटाला किती वेळा श्वास घेते ते मोजावयाचे. मर्यादेपलीकडे गेले की औषध सुरू करावयाचे. परंतु मोजणार कोण? गावात मुलांजवळ असते ती सुईण. आणि कित्येक सुईणींस बारापुढे मोजता येत नव्हते. यावर काढलेली तोड आम्हांस फार आवडते. एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्याजवळ तारेत ओवलेले मणी, एवढेच ते साधन. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर मूल आजारी. निरक्षर बाईच्या हाती अशा रीतीने संख्याशास्त्र आले, आणि तिने ते वापरले.

आता या उपायाने मुले वाचली, हे म्हणावयाचे कशाच्या आधारावर? एखाद्या वर्षी पीकपाणी बरे होते, साथ येत नाही, आणि मृत्यू आपोआप घटतात. संस्था मात्र पावसाचे श्रेय आपल्या खात्यावर जमा करते. हे टाळावयाचे तर जेथे आपले काम नाही अशा गावांतही तितक्याच काटेकोरपणे मोजावे लागते. सर्चने ५८ गावांत उपचार ठेवला आणि ४४ गावे तुलनेसाठी घेतली. शेजारच्या गावात केवळ मोजणी चालावी, हे ऐकताना मन कचरते, हे खरे. तरी त्या तुलनेवाचून पुढचे आकडे कोणी मानले नसते. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांत हजार जन्मांमागे १२१ अर्भके दगावत होती, तर उपचाराच्या गावांत ८९.

येथे समाधान मानून एखादी संस्था सत्कार स्वीकारावयास निघाली असती. पण हिशेबाची वही उघडी होती, आणि तिच्यात ८९ हा आकडा डोळ्यांसमोर होता. उरलेले मृत्यू तपासले तेव्हा दिसले की, त्यांतील बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले आहेत. तेव्हा १९९५-९६ साली गावातल्याच स्त्रियांनी घरोघर जाऊन ७६३ नवजात बालकांचे आजार टिपले. शंभरातल्या ५४ बालकांस वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली जेमतेम २.६ जणांस. रुग्णालयात जा, असा सल्ला दिल्याने भागणार नाही, हे या दोन आकड्यांनी स्पष्ट केले. ओली बाळंतीण व तान्हे मूल घराबाहेर काढावयास कोणी तयार नसे.

मग उपचारच घरात न्यावा लागला. त्याच स्त्रियांस, म्हणजे आरोग्यदूतांस, बाळ कोरडे व उबदार ठेवणे, त्याचे वजन करणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचणे शिकविले. थोडे शिकलेल्या खेडवळ बाईने इंजेक्शन द्यावयाचे, हे धाडस मोठे होते. तिच्या हातून नुकसान होते की भले, याचा निवाडा वादाने होण्यासारखा नव्हता. तो मोजणीनेच व्हावयाचा होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ मरत, उपचारानंतर २.८. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आले होते. तुलनेच्या ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. दर बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो, असा हिशेब निघाला. देणगीदारास सांगण्याजोगे याहून नेमके वाक्य आमच्या वाचनात नाही.

ही मोजण्याची सवय इतरांसही लागली. महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी मिळून २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदींतून असंख्य बालमृत्यू निसटतात, हे त्यात दाखविले होते. शासनास तो रुचला नसेल. पण पुढे बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी शासनाने समिती नेमली, ती अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळास सहा भेटी, घरी जन्मलेल्यास सात.

एक फरक मात्र नोंदवावासा वाटतो. गडचिरोलीत बाळाची काळजी घेणारी बाई वेगळी होती आणि जन्ममृत्यू मोजणारा माणूस वेगळा होता. आशा आपल्या भेटींचा तक्ता स्वतःच भरते, आणि मोबदला मिळतो तो भेटी पुऱ्या केल्याबद्दल. वरिष्ठांकडे तपासणीला जातो तो तक्ता. बाळाला तपासले की नुसते दारातून विचारले, हे त्यातल्या खुणेवरून ओळखता येत नाही.