रायगडाचे अखेरचे दिवस

रायगड म्हटला कीं 1674 सालचा राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. गडाच्या उदयाची ही कथा मुलांसही तोंडपाठ असते. त्याच्या अस्ताची विचारपूस मात्र क्वचितच होते. गडावर गेलेला यात्रेकरू भुईसपाट झालेले वाडे पाहतो आणि 'इंग्रजांनीं गड पाडला' एवढें बोलून खालीं उतरतो. हें वाक्य कितपत खरें, याचा आज विचार करूं.

1818 च्या एप्रिलांत कर्नल प्रॉथर हा तळें, घोसाळें, मानगड हे किल्ले घेत रायगडाच्या पायथ्याशीं आला. गडावर त्या वेळीं बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाईसाहेब होत्या. शिबंदींत अरबांचा भरणा होता. सुमारें पंधरा दिवस तोफांचा मारा चालला. मेच्या आरंभीं गोळा पडून राजवाड्यास आग लागली, आणि 10 मे रोजीं गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. बाईसाहेबांना सुखरूप जाऊं देण्यांत आलें. पुढें 3 जून रोजीं खुद्द बाजीरावांनीं माल्कमपुढें शरणागति पत्करली.

या दिवसांचा शोध घेणारास तीन साक्षीदार भेटतात. पहिला साक्षीदार इंग्रजी फौजेचा वृत्तांत. तो तारखांचा पक्का. परंतु जिंकणाराची दृष्टि ती, आगींत काय काय गेलें याची यादी तो कशाला करील? दुसरा साक्षीदार मराठी दप्तर. गडावरील कोठ्या, शिबंदी, दुरुस्तीचा खर्च यांच्या नोंदींवरून आगीपूर्वीं तेथें काय उभें होतें याचा अंदाज बांधतां येतो. शां. वि. आवळसकर यांनीं 1962 सालीं 'रायगडची जीवनकथा' सिद्ध केली, ती अशाच कागदपत्रांच्या आधारें.

तिसरा साक्षीदार म्हणजे गडावरचा दगड. वाड्यांचीं जोतीं आजही शाबूत आहेत. बाजारपेठेच्या दोन्ही रांगा ओळखूं येतात. जगदीश्वराचें दगडी देवालय तर उभेंच आहे. नाहींसें झालें तें लांकूड, कौल आणि वीट. यावरून उघड होतें कीं, वाड्यांचा पहिला घात केला तो आगीनें. परंतु आग पंधरवड्यांत विझली. पुढचें काम कोणीं केलें? तें पावसानें केलें. छप्पर गेलें म्हणजे भिंतीचा माथा उघडा पडतो. वेळेवर शाकारलें नाहीं तर घराची काय गति होते, हें आपणां कोंकणवासीयांस सांगावयास नको. महाडकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. विटामातीच्या भिंती असे किती पावसाळे सोसणार?

आणि ते पावसाळे थोडेथोडके नव्हते. 1883 सालीं जेम्स डग्लस या इंग्रज ग्रंथकारानें शिवछत्रपतींच्या समाधीची कोणी वास्तपुस्त घेत नाहीं, असा ठपका ठेवला. 1895 सालीं लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न लावून धरला, आणि 1896 सालीं गडावर उत्सव झाला. गड पडल्यापासून टिळकांच्या चळवळीपर्यंत सत्त्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

तेव्हां 'इंग्रजांनीं गड पाडला' हें वाक्य अर्धेंच खरें ठरतें. आग त्यांच्या गोळ्यानें लागली. राखेवर कोसळणाऱ्या भिंती सांवरण्यास राज्यकर्ते आले नाहींत, आणि आपणही बहुत काळ गेलों नाहीं. जगदीश्वराच्या देवळाजवळील शिलालेखांत चंद्रसूर्य असेतों हें बांधकाम नांदो, अशी इच्छा कोरलेली आहे. इच्छा कोरणाराची असते. ती पुरी करणें मागून येणारांच्या हातीं असतें.

जुलै 2025 मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत रायगड आहे. परंतु शोध संपलेला नाहीं. महाड, माणगांव, पोलादपूर या भागांत कित्येक घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांचीं दप्तरें असतील. तीं रद्दींत घालण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्या गृहस्थास एकदां दाखवावीं, एवढीच माझी विनंति आहे. गडाच्या अखेरच्या दिवसांची एखादी ओळ त्यांत निघाली, तर ती गडावरच्या चिऱ्याइतकीच मोलाची ठरेल.