नाचणारीची पाठ



गेल्या वर्षी मंडळाच्या खोलीत मुलींचा भरतनाट्यमचा वर्ग सुरू झाला. दोन महिने झाले तरी मुली नुसत्या गुडघे वाकवून पाय आपटताहेत, नाच कुठे आहे, अशी आपल्यापैकी पुष्कळजणींची तक्रार होती. खरे सांगायचे तर माझीही होती. मग शिकवणाऱ्या बाईंना विचारले, थोडे वाचले, आणि जे हाती लागले ते येथे लिहिते.

त्या वाकण्याला तमिळ भाषेत ‘अरैमंडी’ म्हणतात, म्हणजे अर्धे बसणे. टाचा जुळलेल्या, पावले व गुडघे बाजूंना उघडलेले, आणि वरचे धड मात्र भिंतीसारखे सरळ. घरी करून पाहा. पहिल्यांदा बसायचा भाग मागे निघतो आणि कमरेत खळगा पडतो. तसेच पाय आपटले की प्रत्येक आपटीचा हिसका कमरेच्या मणक्यांना बसतो. पोट आत ओढून धरले की खळगा भरून येतो, कारण पोटाचे खोलवरचे स्नायू पट्ट्यासारखे पाठीपर्यंत वेढलेले असतात. आपण ‘कंबर कसणे’ म्हणतो, ते केवळ पदर खोचण्यापुरते नसावे, असे मला त्या दिवशी वाटले. गुडघेही खुब्यापासूनच उघडायचे; नुसती पावले फिरवली तर गुडघा दुखावतो. हे अंगवळणी पडायलाच महिने लागतात.

ही समज आजकालची नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात छाती उचललेली व पाठीला कुबड नाही अशा ठेवणीला ‘सौष्ठव’ म्हटले आहे. नर्तकाने व्यायाम करावा, तेलाने किंवा पेजेने अंग चोळावे, असेही त्यात आहे. पेजेचा हा उपयोग मला नवा होता.

पुढे या नाचाला आजची मांडणी मिळाली ती तंजावरास, आणि तिथे राज्य होते आपल्या भोसल्यांचे! शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशातील दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार भाऊ होते. शिकवण्याचा व सादर करण्याचा क्रम त्यांनी बांधून दिला. सरफोजींनी स्वतः नाचासाठी मराठीतही रचना केल्या.

पण हे सारे अंगात जपले कोणी? देवळांतील देवदासींनी. पुढे १९४७ साली मद्रास प्रांतात कायद्याने मुली देवाला वाहण्याची चाल बंद झाली. ती बंद झाली हे बरेच झाले. लहानग्या पोरीचे आयुष्य तिला न विचारता ठरवावे हे कोणाला रुचेल? मात्र त्या सुधारणेच्या लाटेत त्यांची विद्याही हलकी ठरवली गेली. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यार येथे हा नाच सभ्य समाजापुढे केला व लवकरच कलाक्षेत्र स्थापले. त्यांचे धैर्य मोठेच. पण त्या शिकल्या पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळे यांच्याकडे, आणि ते त्या चौघा भावांच्या वंशातले.

देवदासी परंपरेच्या घरातल्या टी. बालसरस्वती यांनी १९२५ साली, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरम् येथे पहिल्यांदा सभेपुढे नाच केला. त्यांचे गुरू कंदप्पा पिळ्ळे हेही त्याच वंशातले. सातव्या वर्षी एवढी तयारी, म्हणजे पाठ किती लहानपणी घडवली असेल! पुढे त्यांनी परदेशातही ही विद्या शिकवली, आणि १९७७ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८४ साली त्या गेल्या.

वर्गाच्या भिंतीवर नटराजाची तसबीर आहे. तिच्या शेजारी बालसरस्वतींची लावावी, असे मी बाईंना सुचवले आहे. चौकट माझ्याकडून.