पाणी आपसूक वर चढतं
पहाटे चूल पेटवून पाण्याचा हंडा चढवायचा, हे आपलं रोजचंच. अमेरिकेतही तेव्हा चुलीवरच पाणी तापे. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी काचेच्या झाकणाच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून उन्हावर पाणी तापवलं. रात्री मात्र ते गार व्हायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी टाकी वेगळी काढली, उबदार आवरणात गुंडाळली आणि उन्हात तापणाऱ्या नळ्यांच्या वर ठेवली. तापलेलं पाणी हलकं, ते वर चढतं. गार पाणी खाली उतरतं. ना पंप, ना वीज!

आमच्या गटाच्या सोलरची टाकी मिस्त्रीने खालीच बसवली होती. पाणी फिरेचना. भांडून ती वर घ्यायला लावली. आता पहाटे आंघोळीला पाणी कढत मिळतं.