टंगस्टन : हाताळणी व धोके (अहिल्यानगर जिल्हा)

टंगस्टन हा उच्चतापसह धातू आहे. अणुक्रमांक ७४, वुल्फ्रॅम हे दुसरे नाव. वितळबिंदू ३,४२२° से., सर्व धातूंमध्ये सर्वांत जास्त. घनता १९.३, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकी; पाण्याची एक लिटरची बाटली या धातूने भरली तर एकोणीस किलोंच्या वर भरेल. नावाचा स्वीडिश अर्थही ‘जड दगड’ असाच आहे. १७८३ मध्ये स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी तो प्रथम वेगळा केला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात टंगस्टनचे खनिज नाही. महाराष्ट्रात त्याची नोंद आहे ती नागपूर जिल्ह्यातील कुही–खोबना–आगरगाव पट्ट्यात. नगरला हा धातू तयार वस्तूंच्या रूपाने येतो: नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींतल्या लेथवर कार्बाइडची टिप म्हणून, साखर कारखाने व दूध प्रकल्पांतील आर्गन वेल्डिंगचा रॉड म्हणून आणि बोअरच्या गाडीवर बिटातल्या बटणांच्या रूपात. शहराला लागून लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि के. के. रेंज हे रणगाड्यांचे सरावक्षेत्र असल्याने चिलखतभेदी गोळ्यातील टंगस्टन मिश्रधातूचाही विचार या नोंदीत करावा लागतो.

टंगस्टनचा अखंड तुकडा हातात धरल्याने काही होत नाही. नेहमीच्या तापमानाला तो हवेत गंजत नाही आणि साध्या आम्लांनाही सहसा दाद देत नाही. पायावर पडला तर बोट मोडेल, एवढाच त्याचा धोका. त्रास सुरू होतो तो घासताना. त्यातही खुद्द टंगस्टनपेक्षा त्याच्या सोबत्यांचा, म्हणजे कोबाल्ट, थोरियम, निकेल आणि आर्गन वायू यांचा हिशेब आधी करायला हवा.

पहिला सोबती कोबाल्ट. लेथवाले ज्याला नुसते ‘कार्बाइड’ म्हणतात ते टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधून केलेले असते. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी ही कृती साधली आणि क्रुप कंपनीने माल ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या ‘विडिया’ या नावाने विकला. कोबाल्टचे प्रमाण बहुधा ६ ते १२ टक्के असते. बोथट टूलला धार लावताना उडणारी राखाडी धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे आणि चढावर धाप लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. काहींना दमा जडतो, काहींची फुप्फुसे कायमची घट्ट होतात. अशा कामगारांच्या आजाराचे वर्णन जर्मनीत १९४० सालीच झाले होते. सुरुवातीच्या काळात सुटीत बरे वाटते आणि कामावर गेले की त्रास परततो. ही खूण महत्त्वाची. आपल्याकडे खोकला म्हटला की आधी क्षयाची शंका येते, म्हणून आपण कार्बाइड घासतो हे रुग्णाने डॉक्टरला आपणहून सांगावे. कोबाल्टने हातांना खाजरे पुरळही येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कोबाल्ट व टंगस्टन कार्बाइड यांचा एकत्र संपर्क ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवला आहे.

छोट्या वर्कशॉपमधला बेंच ग्राइंडर जवळून पाहिला की चूक कुठे होते ते कळते. हिरव्या दगडावर टिप टेकवली जाते, ठिणग्या फारशा उडत नाहीत, त्यामुळे काम निरुपद्रवी वाटते. धूळ मात्र शेजारच्या फळीवर, मोजपट्टीवर, चहाच्या पेल्याच्या काठावर बसत राहते. पाळी संपली की कॉम्प्रेसरची नळी घेऊन तीच धूळ कपड्यांवरून उडवायची, ही सवय सगळ्यांत वाईट. बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. ग्राइंडरच्या तोंडाशी शोषक पंखा, ओल्या फडक्याने पुसणे, घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि जेवणापूर्वी हात धुणे यांवर फार खर्च होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कूलंट वापरल्याने धूळ बसते खरी, पण तेच तेच कूलंट फिरत राहिले तर कोबाल्ट त्यात विरघळत जातो आणि तुषारांतून उडतो. ते वेळच्या वेळी बदलावे. टिप ब्रेझिंग करून बसवताना कॅडमियमयुक्त चांदीची सळई टाळावी, कारण तिचा धूर जीवघेणा ठरू शकतो. टिप लाल असताना पाण्यात बुडवली तर तडकते आणि तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो.

बोअरच्या बिटातली बटणेही कार्बाइडचीच. ती घासण्याचे काम उघड्यावर चालते, त्यामुळे धूळ पांगते. तरी घासणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून आणि मास्क लावूनच बसावे.

दुसरा सोबती थोरियम. आर्गन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असते आणि ते किरणोत्सर्गी आहे. ‘रेडिएशन’ हा शब्द ऐकून लोक रॉडच्या डबीलाच घाबरतात. ती भीती अवाजवी आहे. थोरियमचे अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच अडतात. टोक काढताना उडालेली धूळ फुप्फुसात गेली तर मात्र ती तिथे बसून या कणांचा मारा करत राहते. म्हणून या रॉडसाठी वेगळा दगड ठेवावा, धूळ ओली करून बंद पिशवीत जमा करावी.

तिसरा सोबती आर्गन. तो मात्र तात्काळ मारतो. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड. दुधाची टाकी किंवा मोठी पाइपलाइन आतून जोडताना तो तळाशी साचतो आणि वाकलेला वेल्डर धाप लागण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्याला ओढायला उतरलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. पावसाळ्यात गाळप बंद असताना साखर कारखान्यांत बॉयलरच्या नळ्यांची आणि टाक्यांची जी कामे निघतात, त्यांत ही काळजी सर्वांत आधी घ्यावी. आत शिरण्यापूर्वी मीटरने ऑक्सिजन मोजावा, तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरू नये. ब्लोअर चालू ठेवावा, बाहेर एक माणूस सतत उभा हवा. हवा खेळती करायची म्हणून आत ऑक्सिजनचे सिलिंडर सोडणे हे आगीला दिलेले आवतण आहे.

चिलखतभेदी गोळ्याच्या कांडीत ९० टक्क्यांहून अधिक टंगस्टन असून निकेल, लोह किंवा कोबाल्ट ही जोड असते. भारतात असे मिश्रधातू तिरुचिरापल्ली येथे तयार होतात. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टंगस्टन–निकेल–कोबाल्टच्या गोळ्या स्नायूंत बसवलेल्या उंदरांना गाठी झाल्या. सरावक्षेत्राजवळच्या गावकऱ्यांना मात्र याहून जवळचा धोका न फुटलेल्या दारूगोळ्याचा आहे. शेतात सापडलेला तुकडा कशाचा आहे हे त्यावर लिहिलेले नसते; भंगार म्हणून तो उचलू नये, पोलिसांना कळवावे.

बारीक टंगस्टन भुकटी पेटू शकते. अशी आग पाण्याने न विझवता कोरड्या वाळूने झाकावी.

धूळ व धूर जागच्या जागी शोषून घेण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने (कलम १४) मालकावर टाकली आणि कलम ३५ ने डोळ्यांच्या संरक्षणाची सक्ती केली. अमेरिकेतील ‘नायोश’ संस्था न विरघळणाऱ्या टंगस्टनसाठी हवेत घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवते. थोरियमचा प्रश्न तर दुकानातच सुटतो: लाल टोकाऐवजी सोनेरी किंवा निळ्या टोकाचा, लँथॅनमयुक्त रॉड मागावा. त्यासाठी वेल्डिंगचे यंत्र बदलावे लागत नाही.