मोह (ख्रिस्ती धर्मशास्त्र)
मनुष्याला पापाकडे ओढणारे प्रलोभन, तसेच श्रद्धेची कसोटी. ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायात सर्पाच्या बोलण्याला भुलून हव्वा आणि आदाम निषिद्ध फळ खातात. याच्या उलट प्रसंग मत्तय व लूक यांच्या चौथ्या अध्यायांत येतो. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात सैतान येशूला भाकर, मंदिराच्या शिखरावरून उडी आणि जगातील राज्ये अशी तीन आमिषे दाखवतो. लूक शेवटच्या दोहोंचा क्रम बदलतो. येशूची तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या ग्रंथातील आहेत. सैतानही स्तोत्रसंहितेचा आधार घेतो, हे मार्मिक आहे: शास्त्रवचन मुखी असणे पुरेसे नाही. मोह होणे हेच पाप नव्हे, कारण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार येशूचीही पारख झाली, पण तो निष्पाप राहिला. देव कोणाला मोहात पाडत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, असे याकोबाचे पत्र सांगते.

मराठीत या कथा ओवीबद्ध झाल्या त्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (राचोल, गोवा, १६१६). त्याच्या पहिल्या पुराणात जुना करार, तर दुसऱ्यात येशूचरित्र आहे. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर (१९२२) प्रसिद्ध झाले.