नर्सची फेरी आणि विमा कंपनीची वही

विमा कंपनी गरिबाच्या घरी स्वखर्चाने नर्स पाठवते, यात दानधर्म किती आणि व्यवहार किती? सध्या सार्वजनिक आरोग्याचा जुना इतिहास वाचतोय, त्यात हा मजेशीर प्रश्न पडला.

लिलियन वाल्ड ही नर्स १८९३ पासून न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत घरोघर जाऊन शुश्रूषा करायची. खर्चाची भिस्त मुख्यतः देणग्यांवर. असल्याच वस्त्यांमधून मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीचे एजंट दर आठवड्याला काही सेंटांचा हप्ता गोळा करत. निदान मयताचा खर्च तरी निघावा, म्हणून मजूर तो भरत.

वाल्डबाईंनी कंपनीच्या ली फ्रँकेल यांना साधं गणित सांगितलं. विमेदार जितका जास्त जगेल तितके हप्ते जास्त, आणि मरणाची रक्कमही उशिरा द्यायची! मग नर्सच्या फेरीचे पैसे कंपनीने का देऊ नयेत? जून १९०९ मध्ये मॅनहटनमध्ये प्रयोग सुरू झाला आणि बघता बघता देशभर पसरला. क्षय, न्यूमोनिया, बाळंतपण... नर्स दारात यायची. कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन मृत्यूंचे आकडे मांडून फायदा दाखवायचे.

पण १९५३ मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली. तोवर बाळंतपणं इस्पितळात होऊ लागली होती, संसर्गजन्य रोगांनी होणारे मृत्यू खूप घटले होते. उरले ते म्हातारपणाचे रेंगाळणारे आजार. त्यांत फेऱ्या जास्त लागतात, आयुष्य मात्र फारसं वाढत नाही. फेरीचा खर्चही वाढला होता. म्हणजे ज्या गणिताने नर्सला दारात आणलं, त्यानेच तिला परत बोलावलं.

गणितात चूक नव्हती, असं मला वाटतं. फक्त वही कंपनीची होती. टळलेलं मरण त्या वहीत जमेला पडे. पण न बुडलेली मजुरी, शेजाऱ्याला न लागलेला क्षय, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची स्वच्छ पाठ यांना तिथे रकानाच नव्हता. हा सगळा नफा समाजाचा, तेव्हा नर्सचा पगारही समाजाच्या तिजोरीतूनच निघायला हवा.

म्हणून आरोग्यावरचा अमुक खर्च 'परवडत नाही' असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, वही कुणाची?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.